बिनजाहिरातीचं दूध

मुंबईतला सगळ्यात भक्कम ब्रँड कुठला, हा वाद आमच्या धंद्यातल्या पार्ट्यांमध्ये रात्री अकरानंतर हमखास निघतो. कुणी अमूल म्हणतं, कुणी पारले-जी, आणि एखादा नवशिका सध्या ज्या क्लायंटचं काम करतोय त्याचंच नाव घेऊन मोकळा होतो. मी आरे म्हणते. मग कुणीतरी विचारतं, "आरे? ते जंगल?"

तेच. माझ्या आईला आरे म्हटलं की दुधाची बाटली आठवते, माझ्या हाताखालच्या इंटर्नला झाडं आणि पोलीस. एकाच नावाचे दोन अर्थ, दोन्ही आतून भिडणारे, आणि दोन्हींसाठी कुणी कधी एजन्सी नेमलेली नाही. कॉपीरायटर म्हणून माझं अर्धं आयुष्य लोकांच्या डोक्यात नावं कोंबण्यात गेलं. राहते गोरेगाव पूर्वेला, आरेच्या रस्त्यापासून रिक्षाच्या कमीत कमी भाड्याच्या अंतरावर. त्यामुळे घराजवळचं हे नाव लोकांच्या डोक्यात आपसूक कसं जाऊन बसलं, याची मला धंद्यातली असूया वाटते.

आधी थोडा इतिहास. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत भर वस्तीत म्हशींचे तबेले होते. शेण, माश्या, दुधात पाणी, सगळं ओघाने आलंच. दारा खुरोडी या पारशी अधिकाऱ्याने या म्हशी शहराबाहेर काढून गोरेगावच्या टेकड्यांत नेण्याची योजना हाती घेतली. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि सुमारे १६ हजार जनावरं. आमच्याकडे अजूनही आरेतला पत्ता गल्लीवरून नाही, अमुक नंबरच्या युनिटवरून सांगतात. युनिट म्हणजे तबेला, हे सांगणाऱ्यालाही बहुधा आठवत नसतं.

खुरोडींचं मला कौतुक आहे ते मात्र म्हशी हलवल्याबद्दल नाही. म्हशीचं दूध दाट आणि महाग. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली की स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, किंमत उतरते आणि तेवढंच दूध जास्त घरांना पुरतं. शास्त्र सोपं आहे. विकायचं कसं, हा खरा प्रश्न. पाणी घालतो म्हणून गवळ्याच्या नावाने बोटं मोडत आलेल्या शहराला सरकारने पाणी घातलेलं दूध द्यायचं, तेही पैसे घेऊन! खुरोडींनी त्याला नाव दिलं 'टोण्ड मिल्क'. आजही देशभरातल्या पिशव्यांवर तेच छापलेलं असतं, आणि कुणाला त्यात पाणी दिसत नाही. सरकारी फायलींवर सह्या करणाऱ्या माणसाने लिहिलेली ही कॉपी आहे. तिच्यावरून मी माझे सगळे पुरस्कार ओवाळून टाकीन. तसे ते फारसे नाहीतच.

या गोष्टीत दुसरं दूध आहे आणंदचं. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्ह्याच्या दूध संघाचं दूध रेल्वेने मुंबईच्या दूध योजनेसाठी यायचं. म्हणजे पुढे अमूल झालेल्या त्या संघाचं मोठं गिऱ्हाईक आपली मुंबईच होती. खुरोडी आणि त्या संघाचे वर्गीस कुरियन यांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे. पण १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून दिला गेला. त्या समारंभात कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

त्यानंतर आरे आणि अमूल यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमूलने १९६६ मध्ये लोण्याचं काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे दिलं. युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी काढली, आणि तेव्हापासून ती होर्डिंगवरून शहराला चिमटे काढते आहे. हल्लीची कित्येक वर्षं तिला जयंत राणे यांचा हात घडवतो. पश्चिम उपनगरातल्या माझ्यासारख्या पोरांनी बातम्या आधी त्या होर्डिंगवर वाचल्या, पेपर नंतर. क्रिकेट, निवडणुका, सिनेमा, सगळं तिथे लोण्यासकट. मी या धंद्यात आले त्याला निम्मी जबाबदार तीच.

आरेने असलं काहीच केलं नाही. आरेकडे होता फक्त स्टॉल. नाक्यानाक्यावर एक खोकं, पहाटे उघडणारं. दुधाचं कार्ड, रिकाम्या बाटल्यांची पिशवी आणि रांग. काचेच्या बाटलीवर चकाकत्या पत्र्याचं झाकण, दूध कोणतं ते झाकणाच्या रंगावरून ओळखायचं. आई ती झाकणं धुऊन सपाट करून ठेवायची आणि दिवाळीत कंदिलाच्या शेपट्यांना लावायची. रेल्वे स्टेशनांवर आरेचं 'एनर्जी' मिळायचं, सुगंधी, गोड, गारेगार, जाड काचेच्या बाटलीत. गाडी यायच्या आत संपवून बाटली परत करायची, म्हणून ते नेहमी घाईतच प्यायलं जाई.

आता आमच्या भाषेत सांगते. रोज, एकाच वेळी, एकाच जागी, घरातलं माणूस रांगेत उभं राहून हातात घेतं ती वस्तू. एवढी 'फ्रीक्वेन्सी' मिळवायला आज कंपन्या कोट्यवधी रुपये मोजतात, आणि तरी लोक पाच सेकंदांनी 'स्किप' दाबतात. आरेची रांग स्किप करता येत नव्हती. केली तर सकाळचा चहा कोरा.

आता स्टॉलची गंमत बघा. पाटीवर अजून 'आरे सरिता' असतं. खाली अमूल, गोकुळ, वेफर्स, खारी, कुठे कुठे वडापावसुद्धा. आमच्या नाक्यावरच्या काकांना मी एकदा विचारलं, "काका, आरेचं दूध आहे का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी पाच पैसे सुट्टे मागितले. "ताई, नाव आरेचं आहे. दूध काय हवं ते सांगा." मार्केटिंगच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहायला हवं. माल गेला, नाव राहिलं, आणि त्या नावावर दुसऱ्यांचा माल खपतोय. घरोघरी अजून "आरेच्या स्टॉलवरून दूध आण" असंच सांगतात, येतं मात्र गुजरातचं नाहीतर कोल्हापूरचं.

पार्ल्याचंही काहीसं असंच. गोरेगावहून चर्चगेटच्या दिशेने चार स्टेशनं गेलं की विलेपार्ले. १९२९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने गावाचं नाव घेतलं आणि बिस्किटावर छापून जगभर नेलं. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. फलाटावर यायचा तो भाजक्या बिस्किटांचा वास गेला, पण पुडा खपतोच आहे. पारल्याच्या पाठीशी निदान मालक होता, दूरदर्शनवर जाहिराती होत्या. आरेच्या पाठीशी होतं सरकारी खातं, आणि जाहिरात त्याच्या गावीही नव्हती.

आमच्या गोरेगावातच हायवेला लागून महानंदाची डेअरी आहे. तेही राज्यातल्या सहकारी संघांचं दूध, तेही चांगलं. २०२४ मध्ये तिचा कारभार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेला. पण महानंदा हे नाव कुणाच्या आठवणीत आरेइतकं खोल गेलं नाही. माझा अंदाज असा, की ती पिशवी दारात आली. तिच्यासाठी कुणी रांगेत उभं राहिलं नाही.

आरेला लागूनच फिल्म सिटी, १९७७ पासूनची. मालिकेच्या सेटवर स्वयंपाकघराचा सीन असला की फ्रीजमधल्या दुधाच्या पिशवीवर, सॉसच्या बाटलीवर चिकटपट्टी मारतात. फुकटात कुणाची जाहिरात नको. आणि पलीकडे आरेचा रस्ता, छोटा काश्मीर, तिथली झाडं पिढ्यान् पिढ्या गाण्यांमध्ये फुकट दिसत आली आहेत. हिंदी सिनेमाने ती काश्मीर, उटी, वाट्टेल ते म्हणून खपवली. आरेचं हे एवढं 'प्लेसमेंट', पण श्रेय कुठेच नाही.

मग ऑक्टोबर २०१९ आला. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ४ तारखेला फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवायला सांगेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. कारशेड हवी की नको यावर माझ्या सोसायटीत आजही दोन तट आहेत. मी झाडांच्या बाजूची, पण रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाचा राग मला कळतो. इथे मुद्दा नावाचा. पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'आरे वाचवा' लिहून उभी राहिलेली शाळकरी पोरं दुधाबद्दल बोलत नव्हती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आरेची बाटली पाहिलेलीही नसणार. तरी त्या दोन अक्षरांमागे सत्तर वर्षांचा विश्वास उभा होता, म्हणून घोषणा शहरभर पेटली. ती जागा एखाद्या सर्व्हे नंबरनेच ओळखली जात असती, तर एवढी माणसं रात्री घराबाहेर पडली असती का, मला शंका आहे. आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी तर दुधाच्या आधीपासून तिथे आहेत, आणि ब्रँडच्या गोष्टीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी येतं. माझ्याही लेखात तसंच झालं, बघा.

आज मेट्रोच्या नकाशावर आरे दोनदा आहे. सात नंबरच्या मार्गावर २०२२ पासून 'आरे', आणि भुयारी मेट्रोवर ऑक्टोबर २०२४ पासून 'आरे जेव्हीएलआर'. ज्या मेट्रोवरून एवढं रामायण झालं, तीच आता दर फेरीला हे नाव पुकारते. दुधाला अख्ख्या हयातीत एवढी जाहिरात मिळाली नव्हती.

दुग्धविकास खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. नवा लोगो करायला आमच्यासारख्यांना बोलावू नका. आम्ही येऊ, निळ्याच्या अठरा छटा दाखवू आणि बिल पाठवू. त्यापेक्षा ज्या स्टॉलवर आरेची पाटी आहे, तिथे सकाळी सहाला आरेचं दूध ठेवा. जाहिरातीच्या खर्चासमोर शून्य लिहिलंत तरी चालेल.