भूकंपाची विद्युत्‌चाहूल

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या वाटेवरील कडगंची हे गाव गुरुचरित्राच्या वाचकांस सायंदेवांचे गाव म्हणून परिचित आहे. आज कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ तेथेच आहे. या गावाच्या सरळ उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरवर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असता, किल्लारीच्या परिसरात ६.२ मापाचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, या समजुतीस १९६७ च्या कोयना भूकंपाने तडा गेलाच होता. किल्लारीने ती पार मोडून टाकली.

तेव्हापासून सीमेच्या दोन्ही बाजूंस एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो: या संकटाची चाहूल आधी लागू शकेल काय? किल्लारीस आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लहान धक्के बसले होते. मागाहून पाहता ती सूचनाच वाटते. परंतु २०२१ च्या ऑक्टोबरात चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर येथेही असेच धक्के बसले, लोकांनी भयाने घराबाहेर रात्री काढल्या, आणि तेथे मोठा भूकंप झाला नाही. खूण सारखीच, परिणाम मात्र भिन्न. म्हणून धक्क्यांहून वेगळी, अधिक खात्रीची खूण शास्त्रज्ञ शोधीत आहेत; आणि त्यांतील बहुचर्चित खूण म्हणजे विद्युच्चुंबकीय संकेत.

या कल्पनेस आधार नाही असे नव्हे. गारगोटीचा स्फटिक दाबला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार उत्पन्न होतो. खडकांच्या सूक्ष्म फटींतून क्षारयुक्त पाणी रेटले गेले, तर त्यासमवेत क्षीण विद्युत्‌प्रवाह वाहू लागतो. प्रयोगशाळेत खडक चिरडताना असे परिणाम मोजता येतात. भूकंपापूर्वी भूगर्भात ताण वाढत असेल, नव्या फटी पडत असतील व पाणी जागा बदलीत असेल, तर त्याचा पडसाद पृष्ठभागावरील विद्युत्‌ व चुंबकीय क्षेत्रांत उमटावा, असा हा तर्क आहे. किल्लारीच्या बाबतीत तो अप्रस्तुतही नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने त्या भागाचे विद्युच्चुंबकीय सर्वेक्षण केले. त्यात काही किलोमीटर खोलीवर वीज सुलभतेने वाहून नेणारा थर आढळला, आणि तेथील खडकांच्या फटींत द्रव साठला असावा, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

मात्र तर्क संभवनीय असणे निराळे आणि तो कसोटीस उतरणे निराळे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लोमा प्रिएटा येथे ६.९ मापाचा भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या ७ किलोमीटरवर कोरॅलिटोस येथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेझर-स्मिथ यांचे चुंबकमापक यंत्र चालू होते. भूकंपाच्या सुमारे बारा दिवस आधीपासून त्याच्या नोंदी वाढल्या होत्या आणि अखेरच्या तीन तासांत त्या विलक्षण उसळल्या होत्या. जगभर आशा पल्लवित झाली. पुढे २००९ मध्ये अन्य शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी शेजारच्या केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि ती वाढ बहुधा यंत्रातील बिघाडामुळे झाली असावी, असा निष्कर्ष काढला.

त्याच राज्यातील पार्कफील्ड येथे तर भूकंपाची वाट पाहत नाना यंत्रे आधीच मांडून ठेवली होती. तो १९९३ च्या आत होईल असा अंदाज होता; प्रत्यक्षात तो २८ सप्टेंबर २००४ रोजी झाला, आणि विद्युत्‌ व चुंबकीय मापनांत कोणतीही स्पष्ट पूर्वसूचना आढळली नाही. ग्रीसमध्ये वरोत्सोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात जमिनीतील विद्युत्‌संकेतांवरून भाकिते वर्तविली; त्यांवरील वाद आजही मिटलेला नाही. २००४ मध्ये फ्रान्सने आणि २०१८ मध्ये चीनने याच शोधासाठी उपग्रह सोडले. शोध चालू आहे, पण खात्रीची खूण हाती आलेली नाही.

अडचण कोठे आहे? सूर्यावरील वादळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवितात. आकाशातील वीज, विजेवर धावणारी आगगाडी, इतकेच काय, विहिरीवरचा पंपही यंत्राचा काटा हलवितो. या गोंगाटातून भूगर्भाचा क्षीण स्वर वेगळा काढणे दुष्कर असते. शिवाय भूकंप होऊन गेल्यावर जुन्या नोंदी चाळल्या, म्हणजे एखादी उसळी सापडतेच. अशीच उसळी येऊन भूकंप न झालेले दिवस किती, हे मात्र क्वचितच मोजले जाते. खरा इशारा कोठे, केव्हा आणि किती मोठा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आगाऊ देतो. काटा हलताच दवंडी पिटली, तर ऐन सुगीत गावे ओस पडतील. आणि दोनदा फसलेले लोक तिसऱ्या वेळी उंबरठा ओलांडणार नाहीत. खोटा इशारा खऱ्या इशाऱ्याचा शत्रू होतो.

विद्युच्चुंबकीय लहरींचा एक उपयोग मात्र सिद्ध झाला आहे. तो भाकिताचा नव्हे, निरोपाचा. भूकंपाच्या विध्वंसक लहरी सेकंदास सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने धावतात, तर बिनतारी संदेश क्षणार्धात पोहोचतो. भूकंप सुरू होताच केंद्राजवळच्या यंत्रांनी तो ओळखून दूरच्या गावांस कळवावे, या तत्त्वावर जपानने २००७ पासून देशव्यापी सूचनासेवा चालविली आहे. किल्लारीस धक्का बसल्यापासून तो जोरदार कंप कडगंचीस पोहोचण्यास सुमारे २० सेकंद लागतात. त्यांतील काही ओळखण्यात व कळविण्यात खर्ची पडतील. उरलेल्यांत एखादे मूल अंगणात आणता येईल. परंतु खुद्द किल्लारीस हा निरोप वेळेवर मिळणे नाही. संकटाच्या केंद्राशी असणाऱ्यास ही विद्याही वाचवू शकत नाही.

त्याला वाचवील ते त्याचे घर. १९९३ मध्ये बळी घेतले ते मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या मणामणांच्या ओझ्याने. अशी घरे सीमेच्या दोन्ही अंगांस आजही आहेत. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीची दोन्ही अंगे सांधणारे लांब दगड बसविणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोवती सलग पट्टा फिरविणे, हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. भूगर्भातून येणाऱ्या संकेतांचा शोध शास्त्रज्ञांनी नेटाने चालू ठेवावा. तो व्यर्थ नाही. पण त्याची वाट पाहत भिंत तशीच ठेवणे परवडणारे नाही. किल्लारीचा इशारा मिळून गेलेला आहे.