कान बोलतो, हे गणिताला आधी कळलं

वय झालेल्या माणसांच्या घरात दोन वाक्यं रोज ऐकू येतात. "ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोल." आणि आपण आवाज चढवला की लगेच, "अरे, ओरडतोस कशाला?" ऐकणाऱ्याला हा हट्टीपणा वाटतो. पण ही दोन्ही वाक्यं एकाच कानातून, एकाच कारणामुळे येतात. ते कारण उलगडायला विसाव्या शतकातली कित्येक दशकं गेली, आणि त्या प्रवासात आकडेमोडीनं सूक्ष्मदर्शकाइतकीच साथ दिली.

अडचण जागेची होती. आतल्या कानातला कॉक्लिया हा वाटाण्याएवढा, गोगलगाईच्या शंखासारखा अवयव. उलगडला तर लांबी सुमारे 35 मिलिमीटर. तो कवटीच्या सर्वांत कठीण हाडात दडलेला असतो. जिवंत माणसाचा कॉक्लिया उघडून पाहायला जावं, तर पाहण्याआधीच तो बिघडतो. म्हणून कानाची प्रतिकृती कागदावर आणि पुढे संगणकात उभी करावी लागली.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1863 मध्ये कल्पना मांडली की, पियानोच्या तारांसारखे आतले तंतू आपापल्या सुराला थरथरत असावेत. 1928 मध्ये बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत गेओर्ग फॉन बेकेशीनं मृतांच्या कानात प्रत्यक्ष डोकावून पाहिलं. त्याला आतल्या बॅसिलर पडद्यावरून धावणारी लाट दिसली. उंच स्वरांची लाट तोंडाशीच फुगते, खर्जाची शंखाच्या टोकापर्यंत जाते. या कामाला 1961 चं नोबेल मिळालं. मात्र त्याला दिसलेली लाट पसरट होती. कसलेला गवई कोमल आणि अतिकोमल ऋषभ वेगळे ओळखतो. एवढा बारकावा त्या पसरट लाटेतून येणार कुठून?

हा प्रश्न 1948 मध्ये केंब्रिजच्या थॉमस गोल्डनं गणितानं सोडवायला घेतला. युद्धकाळात त्यानं रडारवर काम केलं होतं. कॉक्लियात द्रव भरलेला आहे. द्रवाच्या घर्षणानं कंपनं क्षणात विझायला हवीत, मग कान इतका काटेकोर कसा? जुन्या रेडिओत बाहेर पडणाऱ्या विजेचा थोडा भाग परत आत सोडून क्षीण संदेश बळकट करत असत. कानातही तसाच एखादा वर्धक असणार, असा निष्कर्ष गोल्डनं काढला. आणि वर्धक असेल, तर कधीतरी कानातून आवाज बाहेरही यायला हवा! हे म्हणणं जवळजवळ 30 वर्षं कोणी मनावर घेतलं नाही.

त्या काळात प्रतिकृती मात्र सुधारत होत्या. बेल प्रयोगशाळेत पीटरसन आणि बोगर्ट यांनी 1950 मध्ये कॉक्लियाचं लाटेचं गणित मांडलं. पुढच्या काळात संगणक आले. कॉक्लियाचे शेकडो काप कल्पायचे, प्रत्येकाला वस्तुमान, ताठरपणा आणि घर्षण द्यायचं आणि सगळी समीकरणं एकदम सोडवायची, ही रीत रुळली. उत्तरं बेकेशीच्या लाटेशी छान जुळत. पण ती लाट मृत कानातली होती.

1971 मध्ये विल्यम ऱ्होडनं जिवंत स्क्विरल माकडाच्या कानात मोजमाप केलं. क्षीण आवाजाला पडदा अपेक्षेहून कितीतरी जास्त हलत होता. आवाज वाढवला तरी हालचाल त्या प्रमाणात वाढत नव्हती. प्राणी मेल्यावर ही किमया नाहीशी झाली. 1978 मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पनं कानात बारीक 'टक्' सोडली आणि काही मिलिसेकंदांनी तिचा क्षीण प्रतिध्वनी परत आलेला मायक्रोफोननं टिपला. गोल्डचा अंदाज खरा ठरला. कान खरोखरच आवाज करत होता.

1983 मध्ये नीली आणि किम यांनी संगणकातल्या कापांना बाहेरून ऊर्जा पुरवली. त्याबरोबर पसरट लाट टोकदार झाली. ही ऊर्जा देतं कोण, हे 1985 मध्ये ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. कॉक्लियातल्या सुमारे 12,000 बाह्य केशपेशी विजेच्या बदलाबरोबर आखूड-लांब होतात. त्यांना हलवणारं प्रेस्टिन हे प्रथिन 2000 मध्ये सापडलं.

आता सुरुवातीच्या त्या दोन वाक्यांकडे वळू. वय वाढलं की याच बाह्य केशपेशी निकामी होत जातात. प्रतिकृतीत बाह्य केशपेशींची मदत बंद केली, की हळू आवाज नाहीसे होतात, मोठे आवाज मात्र जवळपास पूर्वीइतकेच मोठे राहतात. 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नकोस' यांच्यातलं अंतर आक्रसतं. म्हणूनच आजची डिजिटल श्रवणयंत्रं सगळेच आवाज सरसकट वाढवत नाहीत. ती हळू आवाज जास्त वाढवतात, मोठे आवाज कमी.

या सगळ्या वाटचालीकडे पाहून मला ठामपणे वाटतं की, प्रतिकृती जिथे कानाशी जुळली नाही, तिथेच तिनं सर्वांत जास्त शिकवलं. गोल्डचं गणित बेकेशीच्या निरीक्षणाशी जुळत नव्हतं, आणि ती विसंगती गांभीर्यानं घेतली असती तर 30 वर्षं वाचली असती.

केम्पनं टिपलेला तो प्रतिध्वनी आज नवजात बाळांच्या ओएई (ओटोअकॉस्टिक एमिशन) या श्रवणचाचणीत वापरला जातो. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत ती होते, टोचावं लागत नाही. पहिल्या खेपेला प्रतिसाद मिळाला नाही म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही, पण पुढची तपासणी टाळू नये. तुमच्या घरी पाळणा हलला, तर दवाखान्यातून निघण्याआधी एवढंच विचारा : बाळाची ओएई झाली का?