पेशीचे केंद्रक मोडते आणि काही मिनिटांत पुन्हा उभे राहते. चूक झाली तर मात्र धोका

बंगळुरूच्या कोरमंगला भागातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो वा तालुक्याच्या गावातील लहानशी प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासताना तांबड्या पेशींत गडद, गोल ठिपके आढळले, तर तज्ज्ञ त्यांची दखल घेतात. प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसते. हा ठिपका म्हणजे तिच्या पूर्वज पेशीत मुख्य केंद्रकाबाहेर राहून गेलेला डीएनएचा अंश असतो. त्याला ‘हॉवेल-जॉली कण’ म्हणतात. निरोगी प्लीहा हे कण रक्तातून काढून टाकते. म्हणून ते दिसल्यास प्लीहेचे कार्य मंदावल्याची किंवा ती शस्त्रक्रियेने काढलेली असल्याची शक्यता पाहिली जाते. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेतही ते आढळू शकतात.

डीएनएचा अंश केंद्रकाबाहेर राहतो कसा, याचे उत्तर पेशीविभाजनात दडलेले आहे.

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए ४६ गुणसूत्रांच्या रूपात सामावलेला असतो. त्याभोवती दुहेरी पटलाचे आवरण असते. आवरणात काही हजार छिद्रे असतात आणि आतून ‘लॅमिन’ नावाच्या प्रथिनांची जाळी त्याला आधार देते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी करणाऱ्या तंतूंना आत पोहोचता यावे, यासाठी हे सारे आवरण मोडावे लागते.

ही मोडतोड बेशिस्त नसते. विशिष्ट विकरे लॅमिन आणि छिद्रांच्या प्रथिनांना फॉस्फेटचे रेणू जोडतात आणि जाळी सुटी होते. लॅमिन नष्ट होत नाही, ते पुन्हा वापरण्याजोगे राहते, हे लॅरी गेरास आणि गुंटर ब्लोबेल यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. आवरणाचे पटल पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जाते.

गुणसूत्रांचे दोन संच विरुद्ध टोकांकडे ओढले गेले की बांधकाम सुरू होते. दुसऱ्या गटातील विकरे फॉस्फेट काढून घेतात, आंतर्द्रव्यजालिकेचे पटल गुणसूत्रांना बिलगू लागते, छिद्रे नव्याने बसतात आणि सुमारे दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना बंदिस्त केंद्रक तयार होते. लॅमिनची जाळी त्यानंतर पूर्ण विणली जाते.

परंतु प्रत्येक गुणसूत्राभोवती स्वतंत्र आवरण न होता सर्वांभोवती एकच आवरण कसे होते? व्हिएन्नातील संशोधकांनी २०१७ मध्ये याचे उत्तर दिले. ‘बीएएफ’ नावाचे छोटे प्रथिन गुणसूत्रांच्या समूहाच्या पृष्ठभागावर डीएनएचे धागे एकमेकांशी जोडते. त्यामुळे पटलाला आत शिरता येत नाही आणि ते बाहेरूनच समूहाला वेढते. हे प्रथिन काढून टाकल्यावर एका केंद्रकाऐवजी अनेक लहान केंद्रके तयार झाली. आवरणात उरलेली भोके ‘एस्कॉर्ट-३’ हा प्रथिनसमूह बुजवतो, हे ब्रिटन आणि नॉर्वेतील दोन गटांनी २०१५ मध्ये दाखवले.

एखादे गुणसूत्र किंवा त्याचा तुटलेला तुकडा समूहापासून मागे राहिला, तर मात्र त्याच्याभोवती वेगळे आवरण तयार होते. हेच ‘सूक्ष्मकेंद्रक’ होय. त्याचे आवरण कमकुवत असते आणि सहज फाटते. आतील गुणसूत्राचे तुकडे होऊन ते चुकीच्या क्रमाने जोडले जाऊ शकतात, असे बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये सिद्ध केले. कर्करोगाच्या पेशींत दिसणाऱ्या गुणसूत्रांच्या मोठ्या उलथापालथीचा हा एक मार्ग मानला जातो.

लॅमिनचा गुणसूत्रांच्या स्थैर्याशी असलेला संबंध महाराष्ट्रातही अभ्यासला गेला आहे. पुण्याच्या ‘आयसर’मधील कुंदन सेनगुप्ता यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये ‘लॅमिन बी-२’चे प्रमाण घटवले, तेव्हा गुणसूत्रांची संख्या बिघडल्याचे आढळले. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतीयांसाठी या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध तंबाखूशी आहे. गालाच्या आतील त्वचेच्या तळाशी पेशी सतत विभागतात आणि एक ते तीन आठवड्यांत पृष्ठभागावर येऊन गळतात. त्यामुळे गाल हलकेच खरवडून मिळालेल्या पेशींतील सूक्ष्मकेंद्रके मोजली, तर आधीच्या विभाजनांत झालेल्या हानीचा अंदाज येतो. कॅनडातील हान्स स्टिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू चघळणाऱ्यांच्या पेशींचा असा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू व सुपारी चघळणाऱ्यांमध्ये अशा पेशींचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

या चाचणीने कर्करोगाचे निदान होत नाही. सूक्ष्मकेंद्रक असलेली प्रत्येक पेशी कर्करोगाकडे जाते, असेही नाही. मात्र तोंडात गाठ किंवा पांढरा चट्टा दिसण्याच्या कितीतरी आधी, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर हानी सुरू झालेली असू शकते, हे ती स्पष्ट करते. तंबाखू सोडण्यासाठी चट्टा दिसण्याची वाट पाहू नये, हाच त्याचा अर्थ.