एमडीवाली, डीपीएमवाला

सकाळी 8. राऊंड. मानसोपचाराच्या युनिटला दोन सीनिअर रेसिडेंट. एकीनं सरकारी मेडिकल कॉलेजातून सरळ तीन वर्षांचं एमडी केलं. दुसरा मनोरुग्णालयात दोन वर्षं डीपीएम (मानसोपचारातली पदविका) करून मग आणखी दोन वर्षांच्या डीएनबीला गेला. नोकरीच्या जाहिरातीत दोघं एकाच रांगेत.

सहा नंबरचे काका रात्रभर येरझाऱ्या घालत होते. "सर, आजार वाढलाय. हॅलोपेरिडॉल वाढवू?" जेआर वननं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटनं विचारलं. डीपीएमवाला फाइल न उघडता काकांच्या पायांकडे बघत राहिला. "काका, आतून तळमळ होते? एका जागी बसवत नाही?" "पायच ऐकत नाहीत हो." म्हणजे अकाथिशिया, औषधाचाच प्रताप. डोस वाढवला असता तर येरझाऱ्याही वाढल्या असत्या. दमा नाही ना हे विचारून प्रोप्रानोलॉल लावलं, हॅलोपेरिडॉल कमी केलं.

9.30. ओपीडी. गर्दीपुढे सगळ्या पदव्या सारख्याच दमतात.

दुपारी 2. ऑर्थोचा कॉल: "पेशंट बडबडतोय, ट्रान्सफर घ्या." मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेला माणूस चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होता. एमडीवालीनं आधी नाडी, ताप, ऑक्सिजन पाहिला, सोडियमला रक्त पाठवलं, मग बायकोला बाजूला घेतलं. "शेवटची दारू कधी घेतली होती?" "पडले त्याच दिवशी." लोराझेपाम सुरू. ग्लुकोजची बाटली तिनं थांबवली, आधी थायमिन. ऑर्थोच्या रजिस्ट्रारला स्पष्ट सांगितलं, "पेशंट तुमच्याकडेच राहील, मी रोज येईन." डीपीएमवाला अशा कॉलला अजून बिचकतो. तो शिकला तिथे शेजारी ऑर्थोचा वॉर्डच नव्हता, कॉल येणार कुठून?

4 वाजता जर्नल क्लब. चहा बरा होता.

कोणती पदवी सरस, हा वाद मला फोल वाटतो. शिकताना समोर कोणते पेशंट होते, हे विचारावं. आता एमडीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. कल्पना चांगली; पण तिथे शिकवायला कोणी असेल तर.

संध्याकाळी 6. पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट केली: वॉर्डांचे कॉल डीपीएमवाल्याकडे, जुने पेशंट एमडीवालीकडे. दोघांचीही तोंडं वाकडी.

"सर, रात्री सोडियम कमी आलं तर?" डीपीएमवाल्यानं विचारलं.

"मेडिसिनच्या रजिस्ट्रारला उठव. त्याआधी पेशंटला स्वतः तपास."