खाडा धरणारा हिशेब

दरमहा पैसे भरून सेवा घेणे कन्हानला नवे नाही. नागपूर–जबलपूर महामार्गावरच्या, कोळसा खाणींच्या या गावात पगार महिन्याचा, तशी देणीही महिन्याची: दूध, पेपर, रेल्वेचा पास. गेल्या पन्नास वर्षांत त्यांत केबल, मोबाइल, ओटीटी आणि क्लाउडची भर पडली. या काळाकडे वळून पाहताना एक प्रश्न विचारायला हवा: जे वापरले नाही, त्याचे पैसे कोण भरतो?

दुधाच्या हिशेबात त्याचे उत्तर स्वच्छ होते. कालनिर्णय 1973 मध्ये निघाले आणि कितीतरी घरांत दुधाची नोंद त्यावरच होऊ लागली. दूध आले नाही की त्या तारखेला खाडा मांडायचा आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा करायचे. गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी दूधवाल्याला सांगितले की पुरे. रेल्वेच्या पासात खाडा नाही, पण सवलत मोठी. कन्हान जंक्शनहून रामटेकची लाइन फुटते. या पट्ट्यातून नागपूरला नोकरीला, कॉलेजला जाणाऱ्यांना पासाचा मोठा आधार. तिमाही पास तर मासिक पासाच्या 2.7 पट दरातच मिळतो. म्हणजे जास्त काळ बांधून घेतलेल्याला दर कमी.

संगणकाच्या जगाने हेच दोन्ही हिशेब उचलले. सेल्सफोर्स 1999 मध्ये सुरू झाली आणि सॉफ्टवेअर विकत न घेता वर्गणी भरून वापरता येऊ लागले. ॲमेझॉनने 2006 मध्ये साठवण महिन्याला प्रति जीबी 15 सेंट आणि सर्व्हर तासाला 10 सेंटपासून भाड्याने दिले. सर्व्हर बंद केला की त्याचे भाडे थांबते, हा झाला दुधाचा हिशेब. 2009 मध्ये वर्षासाठी बांधून घेणाऱ्याला सवलत आली, तो पासाचा. 2017 मध्ये तर काही सर्व्हरचे बिल सेकंदावर होऊ लागले. छोट्या उद्योगाला भांडवल न गुंतवता मोठी यंत्रणा मिळाली, हे या पद्धतीचे खरे श्रेय आहे.

सामान्य ग्राहकाच्या वाट्याला मात्र उलटा प्रवास आला. 2005-06 च्या सुमारास 999 रुपयांत ‘लाइफटाइम’ इनकमिंग मिळत होते. 2018 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि नुसता फोन घेण्यासाठीही नियमित पैसे भरणे आले. तेही 28 दिवसांचे; म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 रिचार्ज. मजुराचे काम बंद असले तरी व्हॅलिडिटी सरतच जाते. अखेर जानेवारी 2022 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचे प्लॅन ठेवायला लावले, आणि डिसेंबर 2024 मध्ये इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही.

ॲपच्या वर्गणीत तर पैसे आपोआप कापले जातात. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून अशी कपात करण्याच्या 24 तास आधी सूचना देणे बंधनकारक केले. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करणे ही फसवी पद्धत ठरवली. दूधवाल्याकडे एका निरोपात होणारे काम डिजिटल व्यवहारात सरकारी नियमाने करवून घ्यावे लागले.

वर्गणीची पद्धत वाईट नाही. तिनेच रोजच्या प्रवाशाला स्वस्त प्रवास आणि लहान उद्योगाला सर्व्हर दिला. पण घेणे जितके सोपे, तितकेच थांबवणेही सोपे असेल तरच ती न्याय्य. कंपन्यांनी न वापरलेल्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करण्याची सोय द्यायलाच हवी. आणि आपणही दर महिन्याला बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधली ऑटोपेची यादी उघडावी, वापरात नसलेली प्रत्येक सेवा त्याच दिवशी रद्द करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरची यादीही जरूर तपासावी.