पट्ट्यांचा लोकरी स्वेटर : सुट्या भागांचे विणकाम

दोन सुयांवरील स्वेटर पाठ, पुढा व दोन बाह्या अशा सुट्या भागांत विणला जातो. चूक झाल्यास तेवढाच भाग उसवावा लागतो, हा यातील मोठा लाभ होय. रंगीत पट्ट्यांची कसोटी मात्र शिवणीवर लागते. पाठ व पुढा यांच्या ओळी मोजून समान न ठेवल्यास पट्टे बगलेखाली जुळत नाहीत आणि कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात. पट्ट्याच्या ओळी सम संख्येत असाव्यात. म्हणजे धागा सुरुवातीच्याच कडेला परततो व न तोडता वर नेता येतो. एकाच ओळीत दोन रंग शेजारी आल्यास दोन्ही धाग्यांना मागील बाजूस परस्परांत पीळ द्यावा, अन्यथा तेथे भोक पडते. लोकर एकदमच पुरेशी घ्यावी. नंतर आणलेल्या लडीची छटा वेगळी निघू शकते, आणि दुकानदाराशी वाद घालून ती जुळत नाही.