गंज चढवायचाय? मग आजोबांना विचारा!

नवी बाइक घेतली की पहिले सहा महिने आपण तिला किती जपतो! साधा ओरखडा उठला तरी दिवसभर मूड ऑफ. पण काही पब्लिक असं आहे, जे चांगली चकचकीत गाडी हातात आली की आधी तिच्यावर धूळ बसवतं, काजळी लावतं, गंज चढवतं. शनिवार-रविवार खर्ची घालून! गाडी अर्थातच रेल्वेची, तीही टेबलावर मावणारी. आणि या मळवण्याला नावही आहे बरं का, वेदरिंग!

मॉडेल रेल्वे म्हटलं की पुणेकर थेट कोथरूडचा पत्ता सांगतो. भाऊ जोशींनी निव्वळ छंदातून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. तिथे धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, सर्कस, स्विमिंग पूल, असं एक अख्खं शहर आहे. अंधार करून दिवे लागले की मोठी माणसंही ‘आई शप्पथ’ म्हणतात. पण ते शहर बरंचसं युरोपातलं वाटतं. आपलं कुर्डुवाडी स्टेशन तसं दिसत नाही ना बॉस!

इथूनच आमच्या एका मित्राच्या डोक्यात किडा वळवळला. हा मूळचा नातेपुत्याचा, पुण्यात आयटीत. माउलींची पालखी ज्या गावात मुक्कामाला थांबते, तेच नातेपुते. गावात रेल्वे स्टेशन आजही नाही. म्हणूनच की काय, याला लहानपणापासून रेल्वेचं प्रचंड वेड! त्यानं ठरवलं, करायची तर बार्शी लाइट रेल्वेच करायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनीअरनं १८९७मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी ही नॅरोगेज सुरू केली. १९०६मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला. रूळ अडीच फूट रुंदीचे, पण वारीच्या दिवसांत गर्दी अशी की मालडब्यांतूनही माणसं जायची. २००० सालानंतर टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. म्हणजे आज त्या गाडीत बसून बघायचं म्हटलं तर चान्सच नाही.

मॉडेलवाल्यांच्या दृष्टीनं मात्र ही लाइन म्हणजे लॉटरी. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप आहे एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. त्याचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपल्या ब्रॉडगेजला या मापात एकोणीसहून जास्त लागतात, त्यामुळे भारतीय गाडी करणारा इथेच अडतो. बार्शीच्या अडीच फुटांना लागतात पावणेनऊ. आणि एन नावाच्या छोट्या मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात! पाव मिलिमीटरचा फरक कोण बघतंय? अंतराचं गणित मात्र बेक्कार आहे. बार्शी-कुर्डुवाडी पस्तीस किलोमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये चारशे मीटर. वन-बीएचकेत? त्यामुळे एकच छोटं स्टेशन, एक इंजिन आणि चार डबे.

डबे करणं त्या मानानं सोपं. प्लास्टिक शीट, कटर आणि धीर असला की झालं. खरी परीक्षा मळवताना. नवखा माणूस उत्साहात सगळीकडे गंज फासतो आणि गाडी विहिरीतून काढल्यासारखी दिसते. गंजाला कारण लागतं, हा यातला मेन फंडा. पाणी जिथे साचतं, त्या सांध्यात आणि रिव्हेटच्या खाली गंज धरतो आणि ओघळ खालीच येतात. छपरावर कोळशाची काजळी. चाकांच्या आसपास ब्रेक घासून उडालेली तपकिरी भुकटी. बॉयलरचं पाणी जड असेल तर इंजिनावर पांढरे क्षार.

त्यासाठी लागणारं सामान अगदी साधं आहे. ॲक्रिलिक रंग ताकासारखा पातळ करून फटींत सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. रंगाचे पोपडे दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. पेस्टल खडू सॅंडपेपरवर घासला की झाली धुळीची पूड. ती ब्रशनं बसवायची आणि वर मॅट व्हार्निशचा फवारा. व्हार्निशखाली पूड थोडी नाहीशी होते, म्हणून आधी जरा जास्तच लावायची. आणि काळ्यात थोडा पांढरा मिसळायचाच, कारण एवढ्याशा वस्तूवर शुद्ध काळा फार गडद दिसतो. खरी माती वापरायचा मोह आमच्या मित्रालाही झाला होता. पण हिशोब करा, अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे या मापात चार सेंटिमीटरहून मोठा धोंडा! तो धुळीला नाही चालत, रुळांखालच्या खडीला मात्र फिट्ट.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मळ कुठे कुठे होता, हे सांगणार कोण? त्याला मिळालेले फोटो बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट आणि तेही इंजिनाचे. डब्याच्या दाराचा फोटो कोण काढतो? मग स्वारी पोचली नातेपुत्याला, आजोबांकडे. त्यांनी तरुणपणी कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत या गाडीनं बऱ्याच खेपा केल्या होत्या. डब्याचा रंग विचारला तर त्यांना काही केल्या आठवेना. पण दाराशी धरायचा दांडा आठवत होता, हात लागून लागून रंग उडालेला, गुळगुळीत झालेला. पायरीची मधली कड झिजलेली. खिडकीखाली पानाच्या पिचकाऱ्या. आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी, ती तर त्यांनी चोळून दाखवली! मित्रानं सगळं वहीत उतरवून घेतलं. या लाइनवर वापरल्या गेलेल्या इंजिनांची माहिती पुस्तकांत सापडते, पिचकाऱ्यांची नाही. आणि ही आठवण असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

परवा पहिला डबा पुरा झाला. बारीक पत्र्याचा दांडा बसवून, त्यावरचा रंग मधोमध खरवडून तो गावी घेऊन गेला. आजोबांनी चष्मा लावून, उजेडात धरून, उलटा-सुलटा करून बघितला. लईच स्वच्छ झालाय म्हणाले.